रुपाळीनचं माहेर

पानवाल्या बाईंनी चुकीची चिठ्ठी कधी चिकटवली नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. संस्थेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्यावरून त्यांची थट्टा करत. "बाईंना नवरा मुलगा दाखवला असता," ग्रंथपाल म्हणायचे, "तर त्यांनी आधी त्याला उलटा करून भिंगाखाली धरला असता. म्हणून तर राहिल्या."

बाई हसत नसत. रागवतही नसत. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून पुढचं पान उलटत.

झाडपाल्यातून औषधी द्रव्यं वेगळी करणारी ती संस्था. इमारत तीन मजली. खालच्या मजल्यावर कोपऱ्यात बाईंची खोली. दोन भिंतींना लोखंडी कपाटं, मधे लांब टेबल, टेबलावर लाकडी दाबपाट्या, टीपकागदांचे गठ्ठे, डिंकाची बाटली. संस्थेचा एक नियम होता. पाल्याचं कुठलंही पोतं आलं की त्यातली एक फांदी आधी बाईंकडे जायची. बाई ती दाबून वाळवायच्या, जाड कागदावर डिंकाने बसवायच्या आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायच्या. चिठ्ठीत रकाने होते. क्रमांक, जागा, कोणी तोडलं, तोडणाऱ्याने सांगितलेलं नाव, पाला वापरणाऱ्याची सही. आणि अगदी शेवटी, 'तपासलं'. त्या शेवटच्या रकान्यात बाईंची सही पडली की नाव पक्कं. तोवर पोत्याला नुसता नंबर.

बाईंची धाकटी बहीण दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत कामाला होती. आठ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीला ताईनेच वाढवलं होतं. अंगाने बारकी आणि बोलण्यात झोंबरी, म्हणून घरात तिचं नाव चिमटी पडलं. पाल्याचा अर्क काढायचा, तो आटवायचा, काचेची भांडी धुवायची, हे तिचं काम. तिला एक खोड होती. बाटल्यांना त्यांचं माहेर विचारायची. एखाद्या द्रव्याचं नाव कुठून आलं हे कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ग्रंथालयातून जाड कोश आणून शोधायची आणि संध्याकाळी ताईला सांगायची.

"फॉर्मिक आम्ल मुंग्यांकडचं. पहिल्यांदा मुंग्यांमधूनच काढलं. मॅलिक सफरचंदाघरचं. लॅक्टिक दुधाकडचं."

"आणि ते तुझं वासाचं? डोकं दुखवतं ते?"

"ईथर? ती मोठ्या घरची हं. वरचं चमकतं आकाश, त्याचं नाव. शब्दाच्या मुळाशी म्हणे जळणं आहे."

"ऑक्सिजन?"

"त्या बिचाऱ्याची फसवणूक झाली, ताई. आम्लाला जन्म देणारा, असं नाव ठेवलं. मागाहून कळलं की आम्लं त्याच्यावाचूनही होतात. पण तोवर नाव छापून झालं होतं."

"मग बदललं का नाही?"

"कोण बदलणार? जगभरच्या बाटल्या पुसत बसायचं? एकदा छापलं की छापलं. चूक असली तरी तेच चालू."

ताईला ते पटलं नव्हतं. ती म्हणाली होती, "माझ्या कपाटात असलं चालत नाही."

त्या उन्हाळ्यात आग लागली.

ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते. वर जात नाही, टेबलावरून पाण्यासारखी वाहत जाते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शेगडी तापत होती. भिंतीतला मोठा पंखा चालू असता तर वाफ बाहेर ओढली गेली असती. पंखा बंद होता. त्याचं बटण शेजारच्या खोलीत, साहेबांच्या टेबलामागे होतं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. पंख्याच्या आवाजात त्यांना फोनवरचं ऐकू येत नसे.

चिमटीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मान भाजली. तीन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, "पंखा बंद होता, ताई. मी चालूच ठेवला होता."

चौकशी झाली. चौकशीचा कागद साहेबांनीच लिहिला. त्याची शेवटची ओळ अशी होती, की सदर घटना कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घडली. ताई त्यांच्यासमोर उभी राहिली. पंख्याचं विचारलं.

"बाई," साहेब मायेने म्हणाले, "मी तुमच्या भावना समजू शकतो. पण पंखा चालू होता. मी स्वतः तिथे होतो ना."

चिमटीची नोकरी गेली. डाव्या हाताने लिहायला शिकायला तिला वर्ष लागलं. मग ती घरी बसून एका छापखान्याची मुद्रितं तपासू लागली. दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढायच्या. ती म्हणायची, "निष्काळजी बाईला बरं काम मिळालं."

थोरली कामावर जात राहिली. लोकांना वाटलं, बाईंनी गिळलं. गिळलं नव्हतं. गालात धरलं होतं.

सात वर्षं गेली. साहेब संचालक झाले. एकदा ते पाहुण्यांना घेऊन टेकड्यांवर गेले आणि येताना स्वतःच एक पोतं भरून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात फांदी घेऊन बाईंच्या खोलीत उतरले. फांदीला ना फूल होतं ना फळ.

"बाई, हे बसवून टाका. रुपाळी आहे. वर अर्क सुरू करायचाय, घाई आहे."

रुपाळी म्हणजे टेकडीवरचं एक झुडूप. पानाची खालची बाजू चांदीसारखी. तिच्याच आसपास आणखी एक झुडूप उगवतं, राखोळी. पानं तशीच, चांदीही तशीच. भल्याभल्यांना फरक कळत नाही. फरक एवढाच, की रुपाळीची चांदी म्हणजे बारीक लव असते आणि ती निघत नाही. राखोळीची चांदी म्हणजे नुसती भुकटी. बोट फिरवलं की बोटाला लागते.

बाईंनी पान उलटलं. बोट फिरवलं. बोट राखाडी झालं.

"तपासते," त्या म्हणाल्या.

"तपासायचं काय त्यात? माझा जन्म गेला झाडं बघण्यात. रुपाळी मला कळत नाही होय?"

बाईंनी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, ही राखोळी. बावीस वर्षांत असा शब्द त्यांनी शंभर जणांना ऐकवला होता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघत होते.

"बरं, साहेब," बाई म्हणाल्या.

फांदी बसवली. चिठ्ठी लावली. तोडणाऱ्याने सांगितलेलं नाव: रुपाळी. यात काही खोटं नव्हतं. त्याने तेच सांगितलं होतं. शेवटचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला.

तो कागद तीनदा वर गेला. एकदा अर्क काढण्याआधी, एकदा शोधनिबंध पाठवण्याआधी, एकदा संस्थेच्या वार्षिक तपासणीला. तीनदा साहेबांनी आपल्या रकान्यात सही केली. शेजारचा रकाना कोरा होता. बोटभर अंतरावर. नियमाप्रमाणे कोऱ्या रकान्याचं पोतं शेगडीवर चढवायचंच नाही. नियम इतरांसाठी होता.

दर वेळी कागद वर जाताना बाई जिन्याकडे बघत राहायच्या. बघतील का? कागद परत आला, की बाई कपाटाची किल्ली फिरवून खुर्चीत बसायच्या.

अर्कातून नवं द्रव्य निघालं. सुईसारखे पांढरे स्फटिक. हृदयाच्या दुखण्यावर ते चालेल अशी आशा होती. साहेबांनी त्याचं नाव ठेवलं रुपाळीन. वर्तमानपत्रात आलं.

"रुपाळीन," चिमटी जेवताना म्हणाली. "छान आहे नाव. रुपाळीघरची लेक."

ताई हसली. कितीतरी वर्षांनी मोकळं हसली.

"काय गं?"

"काही नाही. जेव."

"ताई, तू दात दाखवतेस म्हणजे कोणाचा तरी पडणार."

"तू जेव म्हटलं ना."

पुढच्या वर्षी रुपाळीन त्या जाड कोशात गेलं. कोशात प्रत्येक द्रव्याच्या नावाखाली ते नाव कुठून आलं याची एक ओळ असते. 'रुपाळी या झुडपावरून.' आणि शोधणाऱ्याचं नाव. साहेबांचं, पूर्ण. बाई महिन्या-दोन महिन्यांनी ग्रंथालयात जाऊन ते पान उघडून बघत.

"बाई, तुम्ही या पुस्तकाला भेटायला येता की मला?" ग्रंथपालांनी विचारलं.

"पुस्तकाला. तुमच्यात वाचण्यासारखं काय आहे?"

त्या वाट बघत होत्या. आज ना उद्या कोणीतरी खरी रुपाळी तोडणार होतं.

ती फांदी बसवल्यापासून चार वर्षं लागली. आधी एका परदेशी प्रयोगशाळेचं पत्र आलं. आम्ही तीन वेगवेगळ्या टेकड्यांवरची रुपाळी वापरली, त्यात रुपाळीन नाही. साहेब म्हणाले, त्यांना अर्क काढता येत नाही. मग दुसऱ्या देशातून तसंच पत्र आलं. साहेबांनी माणसं पाठवली. रुपाळीची अकरा पोती आली. प्रत्येक पोत्याची फांदी बाईंनी तपासली, प्रत्येक रकान्यात सही केली. अकराही खऱ्या. वर मजल्यावर अर्कामागून अर्क निघाले. सुई एकही निघाली नाही.

मग एका दुपारी साहेब खाली उतरले. दार लावून घेतलं.

"बाई, तो जुना कागद काढा."

बाईंनी कागद काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचला. मग त्या कोऱ्या रकान्यावर बोट टेकवलं.

"हे तुम्ही तपासलं नाही?"

"तुम्ही म्हणालात, तपासायचं काय त्यात."

"काय आहे ही?"

"राखोळी."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हात लावल्याबरोबर."

साहेब खुर्चीत बसले. "मग बोलला का नाहीत?" आणि स्वतःच म्हणाले, "पंख्यावरून."

"पंख्याचं तुम्ही काढलंत, साहेब. मी नाही."

ते उठून गेले. बाईंना वाटलं होतं, आरडाओरडा होईल, नोकरी जाईल. त्याची त्यांनी तयारी ठेवली होती. कपाटांच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधून ठेवल्या होत्या, कुठली कशाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब परत आले. रात्रभर विचार करून आले असावेत. माणूस हुशार होता. आवाज पुन्हा मायेचा झाला होता.

"बाई, आपण दोघांनी चुका केल्या. त्या मिटवू या. तुम्ही त्या रकान्यात सही करा. तेव्हाची तारीख घाला. रुपाळी, तपासलं. म्हणजे ओळख संग्रहाची चुकली असं होईल. रसायनाची नाही. तुम्हाला कोणी काही करणार नाही. माणसाच्या हातून एक चूक होते."

"माझ्या हातून झाली नाही."

"ऐका तर." त्यांनी खिशातून एक कागद काढून उलगडला. "हे वाचा."

टाइप केलेलं पत्र होतं. चार ओळी. अकरा वर्षांपूर्वीच्या आगीच्या वेळी प्रयोगशाळेतला पंखा बंद होता. तो मी बंद केला होता. सदर कर्मचाऱ्याचा काहीही दोष नव्हता. चौकशीच्या कागदात तशी दुरुस्ती करावी. खाली साहेबांचं नाव. सही राहिली होती.

"तुम्ही तिथे सही करा," साहेब म्हणाले, "मी इथे करतो. आत्ता, समोरासमोर."

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. याच चार ओळी अकरा वर्षं त्यांना हव्या होत्या. देवाकडे मागितल्या असत्या, पण मागण्याची सवय नव्हती. त्यांनी पेनचं टोपण काढलं. पेन रकान्यावर नेलं. बहिणीचा डाग जाणार होता. बदल्यात आपल्याला एक लागणार होता. एकच.

त्यांनी सहज वर पाहिलं.

साहेब निश्चिंत झाले होते. सही अजून व्हायची होती, पण त्यांचे खांदे खाली आले होते. एक हात खिडकीच्या गजावर होता. ते बाहेर बघत होते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते.

बाईंनी टोपण परत लावलं.

"खोटी सही मी करत नाही."

"बाई, वेडेपणा करू नका. तुमच्या बहिणीचा प्रश्न आहे."

"मी सही करत नाही."

खोटी सही करत नाही, हे त्यांनी सांगितलेलं कारण. आजही त्या तेच सांगतात. पण खरं कारण ते गुणगुणणं होतं.

साहेब गेले. पत्र बरोबर घेऊन गेले. बाईंनी जुना कागद पुन्हा पुढे ओढला. कोऱ्या रकान्यात लिहिलं, राखोळी. त्या दिवसाची तारीख घातली. सही केली. मग त्याची छायाप्रत काढून दोन्ही परदेशी प्रयोगशाळांना पाठवून दिली. सोबत राखोळीची पाच-पाच वाळलेली पानं. पाकिटाला तिकिटं लावून पोस्टात स्वतः टाकून आल्या.

संध्याकाळी घरी गेली तेव्हा ताईच्या पायांना पंख फुटले होते. चिमटी खिडकीपाशी मुद्रितं तपासत होती. ताईने चपलाही न काढता सगळं सांगितलं. ती भुकटी, तो रकाना, त्या तीन सह्या. चिमटीने लाल पेन खाली ठेवलं. मधेमधे हसली. "अगं बाई," म्हणाली, "चार वर्षं पोटात ठेवलंस? तुझं पोट आहे की तुझं कपाट?"

"आणि आता ऐक. ते नाव बदलणार नाही. तूच म्हणाली होतीस. छापलं की छापलं. सगळ्या बाटल्यांवर गेलंय, औषधांच्या यादीत गेलंय. नाव रुपाळीनच राहणार. आणि जो कोणी विचारेल, हे नाव असं का, त्याला कोशात सांगावं लागणार. या माणसाला पान ओळखता आलं नाही म्हणून. तो मेल्यावरही सांगावं लागणार."

"सगळा हिशोब झालाय तुझा," चिमटी म्हणाली. "काही राहिलं नाही."

"शेवटी पाया पडायला आला होता. पत्र घेऊन."

"कसलं पत्र?"

ताई थांबली. मग तिने तेही सांगितलं. आधीच्याच आवाजात सांगायला सुरुवात केली, पण आवाज पुरला नाही.

"काय लिहिलं होतं त्यात? शब्द सांग."

"पंखा बंद होता. तो मी बंद केला होता. कर्मचाऱ्याचा काहीही दोष नव्हता."

"काहीही, असं होतं?"

"हो."

"आणि त्याने सही केली असती?"

"म्हणाला तरी तसं."

"कुठाय ते पत्र?"

"घेऊन गेला."

चिमटी उजव्या हाताची चिकटलेली बोटं डाव्या हाताने चोळत राहिली. हवा गार झाली की ती दुखायची.

"माझ्या नावावर चूक लागली असती," ताई म्हणाली. "सव्वीस वर्षं मी एक चिठ्ठी..."

"माझ्या नावावर अकरा वर्षं आहे ना."

"तो सुटला असता, चिमटे. साफ सुटला असता. तुला बघवलं असतं?"

"बघवलं असतं का, ते मला विचारायचं होतंस. तो कागद माझा होता, ताई. आग मला लागली होती."

ताईने चपला काढल्या. चहा टाकला. दोन कप भरले. एक तसाच गार झाला.

पुढचं ठरल्यासारखं झालं. परदेशी प्रयोगशाळांनी राखोळी शोधली, त्यात रुपाळीन भरपूर निघालं. नियतकालिकात छापून आलं. साहेबांनी तब्येतीचं कारण देऊन मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी सभागृह अर्धं रिकामं होतं. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शेवटपर्यंत बसल्या. आगीचा कागद संस्थेच्या दप्तरात होता तसाच राहिला. ताईने नव्या संचालकांकडे अर्ज केला. त्यांनी विचारलं, काही लेखी पुरावा आहे का? नव्हता. पुरावा ज्याच्या खिशात होता त्याने तो कधीच फाडला असणार.

दोन्ही बहिणी एकाच घरात राहत होत्या. बोलणं होतं. भांडण म्हणावं तर नव्हतं. फक्त चिमटी आता बाटल्यांची माहेरं सांगत नसे, आणि ताईला ती विचारता येत नसत.

दीड वर्षाने कोशाची नवी आवृत्ती आली. ग्रंथपालांनी गठ्ठा फोडण्याआधी बाईंना निरोप धाडला. बाईंनी पान उघडलं. उभ्या उभ्या वाचलं. मग बसून वाचलं. मग एका कागदावर ती ओळ उतरवून घेतली आणि घरी नेली.

"चिमटे, ऐक. 'रुपाळीन. रुपाळी या झुडपावरून, शोधकर्त्याच्या चुकीने. हे द्रव्य रुपाळीत आढळत नाही. त्याने वापरलेली पानं राखोळीची होती. नाव रूढ झाल्याने बदललेलं नाही.' आणि पुढे नाव आहे त्याचं. पूर्ण."

चिमटीने मान वर केली. "पुन्हा वाच."

ताईने पुन्हा वाचलं. सावकाश, एकेक शब्द.

"चांगलं लिहिलंय," चिमटी म्हणाली. "एकही शब्द जास्त नाही. आता त्याचं हे कायम राहील."

"कायम."

"माझंही."

ती पुन्हा मुद्रितांवर वाकली. डाव्या हातातलं लाल पेन एका ओळीखाली सरकत राहिलं. ताई कागद हातात धरून तिथेच उभी होती. जरा वेळाने तिने तो तिसऱ्यांदा वाचला, मनातल्या मनात. आणि तिला बरं वाटलं. पहिल्या वेळी वाटलं होतं तेवढंच.